चार पाऊण तीन

कोकणच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा एक तोंडी हिशेब आहे. त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पाणी पुरतं चढलेलं असणार, पहाटे आणि दुपारीही. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमेला आणि अमावस्येला पंधरा धरायचे, उत्तर सव्वाअकरा. सुकती, म्हणजे ओहोटी, त्याच्या सहा तास आधी किंवा नंतर. रत्नागिरीत राजिवड्याहून होडी काढणाऱ्याला हा हिशेब लागतो, कारण भाट्याच्या खाडीमुखाशी गाळ साचतो आणि पुरेसं पाणी असल्याशिवाय होडी सुखरूप आत-बाहेर करता येत नाही. खडकावरची कालवं काढणाऱ्या किंवा खाडीत मुळे वेचणाऱ्या बायकांनाही तो लागतो, फक्त त्यांना पाणी उतरल्याची वेळ हवी असते.

हिशेब दोन सेकंदांत होतो. तेवढ्यात मेंदूने मात्र तीन निराळी कामं केलेली असतात. आज चतुर्थी आहे हे कळणं म्हणजे तिथींच्या रांगेतली एक जागा ओळखणं. इथे चार वस्तू कुठेच नाहीत, तृतीयेनंतरचा आणि पंचमीच्या आधीचा एक दिवस आहे. 'चार पाऊण तीन' हे लहानपणी घोकलेलं वाक्य आहे, ते स्मरणातून जसंच्या तसं येतं. आणि तीन वाजायला अजून किती अवकाश आहे, तेवढ्या वेळात जाळं आवरून होईल का, हा अंदाज तिसराच. तो मोठं-लहान, पुष्कळ-थोडं यांचा आहे. क्रम, पाठांतर आणि परिमाण ही तिन्ही कामं आपण 'गणित' या एकाच नावाखाली घालतो. मेंदू ती वेगवेगळ्या ठिकाणी करतो. हे एवढं कळलं तरी मुलांच्या गणिताविषयीचे आपले कितीतरी ग्रह बदलतात, म्हणून या प्रकरणात मी त्याच्यावरच रेंगाळणार आहे.

ही कामं वेगळी आहेत याचा सर्वांत बोलका पुरावा आजारी माणसांकडून आला. स्तानिस्लास देहेन आणि लॉरां कोहेन या पॅरिसमधल्या दोन संशोधकांनी १९९७ मध्ये दोन रुग्णांची हकीकत प्रसिद्ध केली. एका गृहस्थाच्या मेंदूला पॅरायटल भागात, म्हणजे डोक्याच्या वरच्या-मागच्या बाजूला, इजा झाली होती. त्यांना पाढ्यांची उत्तरं बऱ्यापैकी येत, पण साधी वजाबाकी जमत नसे. दोन आणि चार यांच्या मधली संख्या कोणती, एवढ्या प्रश्नालाही ते अडखळत. मंगळवार आणि गुरुवार यांच्या मधला वार मात्र ते बरोबर सांगत. दोन अक्षरांमधलं अक्षर सांगत, दोन महिन्यांमधला महिना सांगत. रांगेतलं 'मधलं' काय ते त्यांना कळत होतं; संख्येतलं 'मधलं' हरवलं होतं. दुसऱ्या रुग्ण बाई होत्या. त्यांच्या मेंदूच्या डाव्या बाजूला, वरच्या सालीच्या आत खोलवर, इजा झाली होती. त्यांचं अगदी उलट झालं. पाढे गेले, पाठ असलेल्या प्रार्थना गेल्या, मुळाक्षरांची ओळसुद्धा म्हणता येईना. पण कोणती संख्या मोठी, वजा केल्यावर किती उरतात, हे त्यांना समजत होतं. पुढे २००२ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी आणखी एक रुग्ण नोंदवला. त्याला परिमाण समजत होतं, पण क्रम समजेनासा झाला होता, संख्यांचाही आणि इतर रांगांचाही.

हे वाचल्यावर 'पाढे पाठ आहेत म्हणजे गणित येतं' आणि 'पाढे पाठ नाहीत म्हणजे गणित येत नाही' ही दोन्ही विधानं मला सारखीच कच्ची वाटतात.

परिमाणाची जाणीव ही तिघांत सर्वांत जुनी. ती माणसाआधीची आहे. आंद्रेआस नीडर आणि अर्ल मिलर यांना २००२ मध्ये माकडांच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, ज्या पडद्यावर ठरावीक संख्येचे ठिपके दिसले की सर्वाधिक उत्तेजित होतात. चारला प्रतिसाद देणारी पेशी तीन आणि पाचलाही थोडा प्रतिसाद देते, आठला जवळजवळ देत नाही. २०१८ मध्ये जर्मनीतल्या बॉन इथे अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूत विद्युतअग्रं बसवलेल्या रुग्णांमध्ये माणसांच्याही अशा पेशींची नोंद घेता आली. पॅरायटल भागात एक आडवी खाच आहे, आकडेमोड करताना किंवा नुसते ठिपके पाहतानाही तिथे हालचाल वाढते, हे मेंदूच्या चित्रणातून वारंवार दिसलेलं आहे.

ही जाणीव गुणोत्तरावर चालते. दहा आणि वीस यांतला फरक नजरेला लगेच कळतो. नव्वद आणि शंभर यांतला कळत नाही, फरक दहाचाच असला तरी. एप्रिल-मे महिन्यांत रत्नागिरीतल्या कुठल्याही आंबा बागायतदाराच्या खळ्यात हे दिसेल. हापूसची पेटी फळाच्या आकारानुसार साधारण चार ते आठ डझनांची भरते. पेंढ्यात ओळीनं आंबे लावणारा माणूस एकेक फळ तराजूवर टाकत नाही. हातात घेतलं की ते कुठल्या राशीत जायचं ते त्याला कळतं. एकदम चार डझनी आणि एकदम आठ डझनी फळ कोणीही वेगळं करील, पण पाचाचं आणि सहाचं वेगळं करायला हात मुरलेला लागतो. नव्या गड्याच्या चुका होतात त्या याच शेजारच्या प्रतींमध्ये. आणि तीन-चार वस्तू न मोजताच कळतात, त्यापुढे मोजावं लागतं, ही नजरेची मर्यादा तर आपल्या सगळ्यांचीच. म्हणून आंबे ओळींत लावायचे: ओळ नजरेत मावते, पेटी मावत नाही.

गंमत अशी की आपण कागदावर आकडे लिहू लागलो तरी ही जुनी जाणीव जात नाही. १९६७ मध्ये मॉयर आणि लँडॉअर या दोघांनी एक साधा प्रयोग केला. दोन आकडे दाखवायचे आणि मोठा कोणता ते विचारायचं. दोन आणि नऊ दाखवले तर लोक झटकन सांगतात; आठ आणि नऊ दाखवले तर किंचित उशीर लागतो. आकड्यांच्या चिन्हांत असं काही नाही की ज्यामुळे हा उशीर व्हावा. मेंदू चिन्ह वाचतो आणि आतल्या आत त्याचं आकारमान जोखतो, म्हणून वेळ लागतो. ॲमेझॉनच्या जंगलातल्या मुंडुरुकू लोकांच्या भाषेत पाचापुढच्या संख्यांना नेमकी नावं नाहीत. त्यांच्यावरचा २००४ चा अभ्यास सांगतो, की मोठ्या राशींची अंदाजे तुलना ते फ्रेंच माणसांइतकीच चांगली करतात. नेमकी वजाबाकी मात्र अडते. अंदाज निसर्गाने दिलेला आहे. नेमकेपणा भाषेतून आणि शिक्षणातून येतो.

आता क्रम. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त: पावसाची ही नक्षत्रं कोकणातल्या भातशेती करणाऱ्याच्या जिभेवर असतात. त्याला विचारा, पुष्यानंतर काय? उत्तर तत्काळ येईल. मग विचारा, मघाच्या आधी काय? बहुतेकजण क्षणभर थांबतील, मनातल्या मनात थोडं मागे जाऊन तिथून पुन्हा पुढे म्हणत येतील आणि मग सांगतील. वाचकाने हे मराठी महिन्यांवर करून पाहावं: पौषापासून मागे चैत्रापर्यंत. पाठ केलेली रांग मेंदूत एका दिशेने बांधली जाते. प्रत्येक दुवा पुढच्याला हाक मारतो, मागच्याला नाही.

एवढ्यावर भागलं असतं तर क्रमाचा प्रश्न सोपा होता. कार्ल लॅशली या मेंदूशास्त्रज्ञाने १९५१ मध्येच दाखवून दिलं की नुसती साखळी पुरत नाही. बोलताना आपण पुढच्या शब्दातलं अक्षर मागच्या शब्दात घुसवतो, टंकलेखन करताना दोन अक्षरांची अदलाबदल करतो. या चुका होतात त्याअर्थी पुढचं अक्षर त्याची पाळी येण्याआधीच मेंदूत तयार होऊन बसलेलं असतं. म्हणजे मेंदूकडे रांगेचा एकूण आराखडाही असतो आणि त्यातली प्रत्येकाची जागाही. आकड्यांच्या रांगेत तर हे फार स्पष्ट दिसतं. 'तीन, चार, पाच' हे क्रमाने आहेत का, असं विचारलं तर लोक 'दोन, चार, सहा' पेक्षा लवकर हो म्हणतात. मोठं कोणतं हे ठरवताना शेजारचे आकडे त्रास देतात. क्रम ठरवताना तेच शेजारी मदत करतात. एकाच आकड्यांशी मेंदू दोन रीतींनी वागतो, याहून नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

वेदपठणाच्या परंपरेला या एकदिशेच्या साखळीची उणीव फार पूर्वी कळली असावी. क्रमपाठात पदं जोडीजोडीने म्हणतात: एक-दोन, दोन-तीन, तीन-चार. जटापाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन. घनपाठात एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, आणि मग दुसऱ्या पदापासून हेच पुन्हा. उलट दिशेचा दुवा मुद्दाम पक्का केलेला आहे. एखादं पद गळलं किंवा बदललं तर लगेच खटकतं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात शुक्ल यजुर्वेद मुखोद्गत असलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंचं चित्रण करण्यात आलं आणि तो अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा आणि स्मृती यांच्याशी संबंधित अनेक भागांत त्यांचा करडा थर तुलनेतल्या इतर माणसांपेक्षा अधिक आढळला. पठणामुळे तो वाढला की आधीच तसा होता, हे एकदा काढलेल्या चित्रावरून ठरत नाही, आणि त्यावरून वेदपठणाने बुद्धी वाढते असा निष्कर्ष काढणं चूक आहे. पण घोकण्याला मेंदूशास्त्रात जागाच नाही, असं म्हणणाऱ्यांनीही हा अभ्यास वाचावा.

घोकण्याचं घरगुती रूप म्हणजे परवचा. दिवेलागणीला शुभंकरोति झालं की तिथी, वार, महिने, नक्षत्रं आणि पाढे. बे ते तीस झाले की पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. रुपयाचे सोळा आणे आणि आण्याचे चार पैसे होते, तोवर अपूर्णांकांचे हे पाढे म्हणजे बाजाराची किल्ली होती. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर पैसे झाले, मागोमाग मेट्रिक वजनं-मापं आली, आणि पाऊणकी-औटकी पुस्तकांतून आणि मग घरांतून गेली. भरतीच्या हिशेबात पाऊणकी टिकून राहिली, कारण समुद्राचं दशमानीकरण झालं नाही.

त्या हिशेबाकडे जरा बारकाईनं बघण्यासारखं आहे. एका पंधरवड्यात, म्हणजे पंधरा तिथींत, भरतीची वेळ घड्याळावर बारा तासांचा फेरा पुरा करते. म्हणजे दर तिथीला सरासरी ४८ मिनिटं. पाऊण तास म्हणजे ४५. तीन मिनिटांची ही तूट साठत जाते, म्हणून पौर्णिमेला उत्तर सव्वाअकरा येतं आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला एकदम पाऊण, दीड तासाची उडी. खऱ्या पाण्यात अशी उडी नसते. तासाचा चार-पंचमांश घेतला असता तर हिशेब अधिक नेमका झाला असता. पण चार-पंचमांशाचा पाढा कोणाच्या तोंडी होता? पाऊणकी होती. माझं मत असं, की जो पाढा मेंदूत तयार होता त्याच्याभोवती हा नियम बसवला गेला, आणि दर पंधरवड्याला मोजणी पुन्हा एकपासून सुरू करून साठलेली चूक पुसून टाकली गेली. वारा, खाडीचा आकार, उधाण-भांग यांनी तसाही वेळेत फरक पडतोच. होडीला अर्ध्या-पाऊण तासाचा अंदाज पुरतो. पाठांतर, क्रम आणि अंदाज यांचा इतका समंजस मेळ मला दुसरीकडे सहसा दिसलेला नाही, आणि तो घालणाऱ्यांत शाळेचं तोंड न पाहिलेली माणसंही असणार.

मोजण्यात बोटांचाही वाटा आहे. मुंबईच्या घाऊक फळबाजारात रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून आंब्याचा भाव ठरवायची जुनी रीत आहे. आजूबाजूच्यांना आकडा कळत नाही, त्या दोन हातांना कळतो. १९२४ मध्ये व्हिएन्नामधल्या जोसेफ गर्स्टमन यांनी एका रुग्ण स्त्रीचं वर्णन केलं होतं. तिला आपली कोणती बोटं ती ओळखता येत नव्हती. अशा रुग्णांत बोटं न ओळखणं, आकडेमोड न जमणं, लिहिता न येणं आणि डावं-उजवं न कळणं ही चार लक्षणं एकत्र आढळतात, आणि इजा सहसा मेंदूच्या डाव्या पॅरायटल भागात असते. बोटांवर मोजणाऱ्या पोराच्या हातावर मारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पहिली-दुसरीत बोटं आणि पेरं ही मुलाची पहिली पाटी आहे.

संख्येची नावंही मेंदूचं काम वाढवतात किंवा हलकं करतात, आणि हा प्रश्न महाराष्ट्रात २०१९ च्या जूनमध्ये थेट विधानसभेपर्यंत गेला. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस या नावांसोबत 'वीस एक, वीस दोन' अशी वाचनपद्धत दिली होती. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी कारण स्पष्ट सांगितलं: जोडाक्षरांची नावं आणि उलटा क्रम यांमुळे अनेक मुलांना गणिताची भीती बसते. पुष्कळांना ही भाषेची मोडतोड वाटली. त्या वादात मेंदूविषयी फार कमी बोललं गेलं, म्हणून थोडं इथे.

मराठीत आपण लिहितो ५३ आणि म्हणतो त्रेपन्न: लिहिताना पाच आधी, बोलताना तीन आधी. मुलाने कानावर पडलेलं तीन आधी धरून ठेवायचं, पन्नासची वाट पाहायची आणि मग क्रम उलटवून लिहायचा. जर्मन भाषेतही हीच उलटापालट आहे. जर्मन बोलणाऱ्या पहिलीच्या मुलांना आकडे सांगून लिहायला लावले तेव्हा त्यांच्या जवळपास निम्म्या चुका या अदलाबदलीशी निगडित होत्या. मराठीत त्यावर आणखी एक ओझं आहे. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणनव्वद असा वजाबाकीचा क्रम चालत येतो आणि नव्व्याण्णवला अचानक मोडतो. शिवाय त्रेपन्नमधला 'त्रे', त्र्याहत्तरमधला 'त्र्या' आणि तेहतीसमधला 'ते' हे सगळे तीनच आहेत हे मुलाला कोणी सांगत नाही. चिनी भाषेत अकरा म्हणजे 'दहा एक', एकवीस म्हणजे 'दोन दहा एक'. तिथली मुलं दहापुढची मोजणी इंग्रजी बोलणाऱ्या मुलांपेक्षा लवकर शिकतात. दहापर्यंत दोघांत विशेष फरक नसतो.

म्हणून नारळीकरांची सूचना योग्य होती असं मी मानतो. जुनी नावं घरात, बाजारात, पंचांगात राहणारच आहेत, ती काढायची कोणाचीच मागणी नव्हती. शिकण्याच्या पहिल्या वर्षात 'पन्नास तीन' म्हटलं तर मुलाला दशक आणि एकक दिसतात. त्रेपन्न नंतर येऊ द्यावं, दोन महिन्यांनी येतंच.

लिपीच्या दिशेचाही असाच परिणाम आहे. डावीकडून उजवीकडे वाचणाऱ्यांच्या मनात लहान संख्या डावीकडे आणि मोठ्या उजवीकडे बसलेल्या असतात. लहान आकड्याला डाव्या हाताने कळ दाबायची असेल तर ते काही क्षण लवकर दाबतात. शब्द आणि आकडे दोन्ही उजवीकडून वाचणाऱ्या पॅलेस्टिनी अरबांत हे उलट आढळलं. हिब्रू वाचणाऱ्यांचे शब्द उजवीकडून आणि आकडे डावीकडून जातात, त्यांच्यात कोणताच कल दिसला नाही. रत्नागिरीतल्या उर्दू शाळेतलं मूल या तिसऱ्या प्रकारच्या वाचनात वाढतं. संख्यारेषा शिकवणाऱ्या शिक्षकाने त्याला दिशा गृहीत धरू नये, ती दाखवावी.

शेवटी ज्या मुलांसाठी हे सगळं लिहावंसं वाटलं त्यांच्याविषयी. दर शंभर मुलांत साधारण तीन ते सहा मुलांना डिसकॅल्क्युलिया असतो असा संशोधकांचा अंदाज आहे. बुद्धी ठीक असते, बोलणं ठीक असतं, पुष्कळदा पाढेही घोकून येतात. पण सहा मोठे की आठ, हे त्यांना विचार करून सांगावं लागतं, घड्याळ वाचता येत नाही, सुट्टे पैसे परत घेताना गोंधळ होतो, चौथी-पाचवीतही बोटं सुटत नाहीत. अशा मुलाला आपण आळशी म्हणतो आणि आणखी पाढे लिहायला लावतो, म्हणजे जे काम त्याच्या मेंदूला जमतं तेच पुन्हा करायला लावतो आणि जे जमत नाही त्याला हात लावत नाही. त्याला ठिपके, मणी, काजूच्या बिया यांच्या राशी जोखायला द्याव्यात, संख्यारेषेवर बोट ठेवून आकड्याची जागा शोधायला लावावी, शेजारच्या संख्यांची तुलना रोज थोडी करून घ्यावी. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिसकॅल्क्युलियाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. तुमचं मूल पाढे म्हणतं आणि तरीही संख्येपुढे घाबरतं असं दिसलं, तर शिकवणी बदलण्याआधी त्याची तपासणी करून घ्या आणि शाळेकडे सवलतीसाठी लेखी अर्ज करा. तो त्याचा हक्क आहे.